हरल्यावर खेळाडूंनी पाठीराख्यांसमोर जायलाच हवं का?

गोलरेषा:
शेवटची शिट्टी वाजली की काही संघ थेट ड्रेसिंग रूम गाठतात. मला हे अजिबात पटत नाही. जिंकल्यावर ज्या स्टँडसमोर नाचता, हरल्यावरही तिथेच जा. २०१६ च्या युरो फुटबॉल स्पर्धेत आइसलँड फ्रान्सकडून ५-२ ने हरलं, तरी अख्खा संघ आपल्या पाठीराख्यांसमोर उभा राहिला आणि टाळ्यांचा तो प्रसिद्ध गजर सगळ्यांनी मिळून केला. स्कोअर विसरले असतील लोक, ते दृश्य नाही.

तिसरा बदली:
पूर्ण असहमत. आइसलँडची ती पहिलीच मोठी स्पर्धा होती आणि इंग्लंडला हरवून ते तिथवर आले होते. त्यांच्यावर चिडणार कोण? एप्रिल २०१२ मधला इटलीतला जेनोआ क्लब आठवा. घरच्या मैदानावर सिएनाविरुद्ध ०-४ ने मागे असताना 'अल्ट्रा' म्हणजे कट्टर समर्थकांनी सामना थांबवला आणि खेळाडूंना जर्सी उतरवायला लावल्या, कारण म्हणे ती घालायची त्यांची लायकी नाही! कर्णधार मार्को रॉसी सहकाऱ्यांकडून जर्सी गोळा करत फिरत होता. 'समोर या' ही अपेक्षा एकदा हक्क झाली की गोष्टी इथवर जातात.

डावी बगल:
पैसे परत करा, विषय संपला. २००९ मध्ये इंग्लंडमध्ये टॉटनम क्लबकडून ९-१ ने हरल्यावर विगन क्लबच्या खेळाडूंनी प्रवास करून आलेल्या समर्थकांच्या तिकिटांचे पैसे स्वतः भरले होते.

गोलरेषा:
@डावी बगल, विगनचं कौतुकच आहे, पण माणूस एवढ्या लांब पैसे वसूल करायला जात नाही.

@तिसरा बदली, जेनोआत झाली ती गुंडगिरी. मी स्वतःहून जाण्याबद्दल बोलतेय. २०१८ च्या चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात गोलरक्षक कारिउसच्या दोन घोडचुका लिव्हरपूलला भोवल्या. तो रडत, हात जोडून समर्थकांसमोर गेला आणि स्टँडमधून टाळ्या आल्या. जिवे मारण्याच्या धमक्या आल्या त्या इंटरनेटवरून. समोर रडणारा माणूस दिसला की शिवी घशातच अडकते, माझा यावर ठाम विश्वास आहे.

तिसरा बदली:
टाळ्या मिळाल्या, मान्य. पण त्यानंतर लिव्हरपूलकडून तो एकही अधिकृत सामना खेळला नाही. त्या क्षणी त्याला तिथून हलवायला हवं होतं, कॅमेऱ्यांसमोर एकटं सोडायला नको होतं. जायचंच तर कर्णधार आणि प्रशिक्षकांनी पुढे व्हावं.

आणि नातं टिकवायची जबाबदारी सारखी खेळाडूवरच का? युरोच्या अंतिम सामन्यात पेनल्टी हुकली तेव्हा इंग्लंडचा साका १९ वर्षांचा होता. त्याच्यावर वंशद्वेषी शिव्यांचा भडिमार झाला. पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २०२१ मध्ये, आपल्या आर्सेनल क्लबकडून तो टॉटनमच्या मैदानावर उतरला, तेव्हा कट्टर प्रतिस्पर्ध्यांच्या त्या समर्थकांनी त्याचं टाळ्यांनी स्वागत केलं. तो कुणापुढे माफी मागायला गेला नव्हता. पहिलं पाऊल प्रेक्षकांनी टाकलं. मला हेच हवंय.