पाखाडीच्या ओल्या चिऱ्यांवर पवित्रा कसा घ्यावा?

प्रश्न: वाडीतली शिक्षिका, गुहागर तालुका

सर्वांना नमस्कार. मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि शाळा सुटल्यावर आठवी ते दहावीच्या मुलींना स्वसंरक्षणाचे धडे देते. माझे शिक्षण शोतोकान कराटेतले असल्याने सुरुवात झेनकुत्सु दाचीने होते: पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय लांब आणि ताठ, भार पुढच्या पायाकडे अधिक. सभागृहात हा पवित्रा मुलींना छान जमतो. मात्र त्यांची घरी जाण्याची वाट म्हणजे चिऱ्यांची, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांची, पायऱ्यापायऱ्यांची अरुंद पाखाडी. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरते, दोन्ही अंगांना गडगे (दगड रचून केलेली कुंपणे) असतात, पाठीवर दप्तर आणि एका हातात छत्री असते. तिथे सराव घेतला तेव्हा लांब पवित्रा घेताच मागचा पाय सटकू लागला. अशा जागी उभे कसे राहावे, आणि कोणी मनगट धरले तर ते सोडवताना तोल कसा राखावा, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर: ज्युदो प्रशिक्षक, रत्नागिरी

ताई, पाय सटकतो तो पवित्र्याच्या लांबीमुळे. लांब पवित्र्यात दोन्ही पाय जमिनीला तिरके रेटतात. हा आडवा रेटा पेलण्यासाठी घर्षण लागते आणि शेवाळावर ते फारच कमी मिळते. पाय खांद्यांइतक्या अंतरावर आणले, एक पाय अर्धे पाऊल पुढे ठेवला आणि गुडघे सैल सोडले की भार जवळजवळ सरळ खाली जातो. झेनकुत्सु दाची पायांत ताकद आणण्यासाठी शिकवत राहावीच. परंतु शोतोकानचे प्रवर्तक गिचिन फुनाकोशी यांच्या वीस सूत्रांतही ठरावीक पवित्रा नवशिक्यांसाठी आणि पुढे नैसर्गिक उभे राहणे, असेच सांगितले आहे. ज्युदोतही आम्ही नैसर्गिक उभे राहण्यापासूनच आरंभ करतो, कारण १८८२ साली कोडोकान ही ज्युदोची शाळा स्थापन करणारे ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांच्या पद्धतीत फेकण्याआधी प्रतिस्पर्ध्याचा तोल मोडावा लागतो, आणि ज्याचा सगळा भार एका पायात अडकला आहे त्याचा तोल मोडणे सोपे असते.

सरकताना पाय एकमेकांवरून जाऊ देऊ नयेत. मागे जायचे तर मागचा पाय आधी, पुढे जायचे तर पुढचा, आणि पाऊल वीतभरच. पाखाडीवर कोणी खालून वर आला आणि आपण छाती समोर करून उभे राहिलो, तर तोल सावरायला पाऊल मागच्या पायरीवर अडखळते. म्हणून अंग थोडे तिरके वळवावे आणि निदान मागचे पाऊल पायरीच्या लांबीला धरून आडवे टेकवावे. पाठ गडग्याला लावू नये, कारण तिथून सुटायला वाट उरत नाही. माझ्या मते अंतराचे महत्त्व पवित्र्याहूनही अधिक आहे. समोरच्याला पाऊल टाकल्याशिवाय हात लावता येणार नाही इतके अंतर राखले, तर त्याचे पाऊल उचलले जाताच आपल्याला इशारा मिळतो. हात छातीच्या उंचीवर, तळवे उघडे, हनुवटी किंचित खाली, आणि ‘तिथेच थांबा’ असे मोठ्याने म्हणावे. यात आक्रमकता दिसत नाही, तरीही गळ्याचे आणि चेहऱ्याचे रक्षण होते.

मनगट धरले की बहुतेक मुली हात मागे ओढतात. पकड सुटली तर तोच जोर त्यांना मागे पाडतो, आणि ओल्या चिऱ्यावर हे फार धोक्याचे आहे. त्याऐवजी अर्धे पाऊल त्याच्याकडे टाकावे, कोपर आपल्या बरगडीशी आणावे आणि कंबर वळवत मनगटाची अरुंद कड त्याचा अंगठा व बोटे जिथे भेटतात त्या फटीतून काढावी. पकडीची ती बाजू एकट्या अंगठ्यावर उभी असते.

उत्तर: फिजिओथेरपिस्ट, चिपळूण

सरांच्या उत्तरात दुखापतींबाबत थोडी भर घालते. न सरावलेली मूठ डोक्याच्या कठीण हाडावर बसली तर करंगळीच्या मुळाशी असलेले तळहाताचे हाड मोडू शकते. त्यामुळे मुलींना तळव्याच्या मनगटाकडील जाड भागाने आघात करायला शिकवावे. दुसरे म्हणजे पडणे. घसरल्यावर ताठ हात मागे टेकला की मनगटाजवळचे हाड जाते. हनुवटी छातीला लावून, पाठ गोल करून आणि हात अंगाच्या बाजूला जमिनीवर आपटून पडण्याचा सराव कोरड्या, भुसभुशीत वाळूत करून घ्यावा. पावलांचा सराव मात्र ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या घट्ट वाळूवर करावा. जड दप्तर शरीराचा भार मागे खेचते, तेव्हा ते खांद्यावरून झटकन टाकून देण्याचाही सराव व्हायला हवा.

उत्तर: वकील, दापोली

पालक कायद्याबद्दल विचारतीलच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क दिलेला आहे, आणि कलम ३७ प्रमाणे बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. त्यामुळे सरावाची प्रत्येक फेरी निसटून पळण्यावर आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करण्यावर संपवावी.

पुन्हा प्रश्न: वाडीतली शिक्षिका

सर्वांची मनापासून आभारी आहे. छत्रीचे काय करावे, एवढे कोणी सांगेल का?

उत्तर: लाठीकाठी शिकवणारा, वेंगुर्ला

ताई, उघडी छत्री वाऱ्यात अंग ओढते आणि समोरचे दिसू देत नाही, म्हणून शंका येताच ती मिटावी. लांब दांड्याची छत्री दोन्ही हातांनी, एक हात मुठीजवळ आणि दुसरा मध्यावर, अशी धरून टोक समोरच्याच्या पोटाच्या दिशेने रोखावे. ती उगारून मारू नये. हात डोक्यावर गेला की बरगड्या उघड्या पडतात आणि छत्री त्याच्या हाती लागते. टोक छोट्या, सरळ धक्क्यांनी पुढे करून लगेच मागे घ्यावे आणि प्रत्येक धक्क्याबरोबर वीतभर मागे सरावे. घडीची छत्री असेल तर ती सरळ टाकून द्यावी आणि दोन्ही हात मोकळे करावेत.