जुन्या लॅपटॉपसाठी लिनक्सचं कोणतं कर्नल ठेवावं? ६.१ की ६.१२? निवड आणि चाचणीबद्दल सल्ला हवा

जुनंतेसोनं

नमस्कार मंडळी. घरात कोअर टू ड्युओचा लॅपटॉप आहे. ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, इंटेलचं जीएमए ४५०० ग्राफिक्स, ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड. आई तो रोज वापरते आणि मशीन ठणठणीत आहे, त्यामुळे मोडीत काढायचा प्रश्नच नाही.

डेबियन १२ लिनक्स आहे, कर्नल (हार्डवेअर चालवणारा त्याचा गाभा) ६.१. बॅकपोर्ट्समधून (जुन्या डेबियनसाठी दिलेल्या नव्या पॅकेजांतून) ६.१२ टाकून पाहिलं, तर वायफाय गायब झालं आणि झाकण मिटून उघडलं की अधूनमधून पडदा काळाच राहतो. काही जण सांगतात की जुन्या मशीनला जुनंच कर्नल बरं, ५.१० वर परत जा, नवं जड पडतं. यात किती तथ्य आहे? आणि नवं कर्नल वापरून बघायचं तर आईचं काम न अडवता कसं बघायचं?

टर्मिनलवाली

आधी 'जड' या शब्दाबद्दल. जुन्या प्रोसेसरवर खरा फटका बसला तो जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरांतल्या सुरक्षा-त्रुटी उघडकीस आल्यावर. मेल्टडाउनपासून बचावासाठी कर्नलची पेज टेबल्स (मेमरीचे नकाशे) वेगळी ठेवावी लागतात. नव्या प्रोसेसरांत पीसीआयडी नावाची सोय असल्यामुळे त्याची किंमत कमी पडते. कोअर टू मध्ये ती सोय नाही, म्हणून प्रत्येक सिस्टीम कॉलला (प्रोग्रामने कर्नलकडे काम मागितलं की) भुर्दंड बसतो. पण हेच उपाय जुन्या एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणाऱ्या) शाखांमध्येही घातलेले आहेत. ५.१० वर गेलात तरी यातून सुटका नाही.

उलट ६.१ मध्ये तुमच्या कामाची एक गोष्ट आली आहे: मल्टी-जेन एलआरयू. रॅम भरत आली की कोणती पानं बाहेर काढायची हे ती जास्त शहाणपणाने ठरवते. ४ जीबीत ब्राउझर चालवणाऱ्याला हा फरक जाणवतो. '/सिस/कर्नल/एमएम/एलआरयू_जेन/एनेबल्ड' ही फाईल वाचा. शून्य दिसलं तर रूट (प्रशासक) होऊन त्यात 'वाय' लिहा. जोडीला झेडरॅम (रॅममधलाच मजकूर आकुंचित करून जागा वाचवणारी सोय) सुरू करा.

दुसरं, फिरत्या डिस्कसाठी बीएफक्यू शेड्युलर (डिस्कच्या कामांचा क्रम ठरवणारा) लावून बघा. कर्नल ५.० मध्ये जुना सीएफक्यू गेला आणि त्याची जागा घेणारा बीएफक्यू आपोआप लागेलच असं नाही. मागे अपडेट उतरत असताना ब्राउझर गोठत असेल, तर दोष कर्नलच्या आकड्याचा नसून बहुतेक वेळा इथे असतो.

रात्रपाळी

पूर्ण सहमत. फक्त एक भर: 'मिटिगेशन्स=ऑफ' (मेल्टडाउनसारख्या त्रुटींवरचे उपाय बंद करणारा पर्याय) लावा असा सल्ला कोणीतरी देईलच. ज्या मशीनवर ब्राउझर उघडतो, बँकेचे व्यवहार होतात, तिथे ते करू नका. नेटला न जोडलेल्या मशीनवर हवं तर करा.

वायफायचं निदान सोपं आहे. 'एलएसपीसीआय -एनएनके' चालवा आणि कार्डापुढचा आयडी आणि ड्रायव्हरचं नाव इथे टाका. 'डब्ल्यूएल' दिसलं तर तो ब्रॉडकॉमचा कर्नलबाहेरचा ड्रायव्हर आहे. डीकेएमएस तो प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधतं (कंपाइल करतं). आतले इंटरफेस बदलले की बांधणी फसते आणि कार्ड नाहीसं होतं. माझ्या मते जुन्या हार्डवेअरवर कर्नल निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा: कर्नलच्या बाहेरची मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे सुटे भाग) किती आहेत? एकही नसेल तर पुढे जायला भीती नाही. एक जरी असलं तरी ते जिथवर चालतं तिथेच तुम्ही बांधले जाता. एनव्हिडियाच्या जुन्या ३४० मालिकेच्या ड्रायव्हरवर अडकलेल्यांना हे चांगलं ठाऊक असेल.

जुनंतेसोनं

आयडी १४ई४:४३१५, ड्रायव्हर डब्ल्यूएल.

रात्रपाळी

म्हणजे बीसीएम४३१२. हे कर्नलमधल्याच बी४३ ड्रायव्हरवर चालतं. ब्रॉडकॉम-एसटीएचं डीकेएमएस पॅकेज 'पर्ज' करून काढा, नुसतं 'रिमूव्ह' नको, कारण त्याची ब्लॅकलिस्ट फाईल मागे राहिली तर बी४३ लोडच होणार नाही. मग बी४३चं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलर पॅकेज टाका. ते फर्मवेअर नेटवरून उतरवतं, तेव्हा केबल लावून ठेवा. वेग थोडा कमी मिळू शकतो, पण पुढचं कर्नल आल्यावर वायफाय जाईल का ही धास्ती संपते.

नेटबुकप्रेमी

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडे अ‍ॅटम एन२७० आहे, १ जीबी रॅम. त्याचं काय?

टर्मिनलवाली

एन२७० फक्त ३२ बिट आहे. डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही. त्यामुळे डेबियन १२ आणि त्याचं ६८६-पीएई हे ३२ बिट कर्नल, इथेच थांबा. झेडरॅम हवंच.

बूटपाळ

आईचं काम न अडवता चाचणी कशी करायची, ते सविस्तर सांगतो, कारण याच पायरीवर लोक कंटाळून जुन्या कर्नलला चिकटून बसतात.

ग्रबच्या (बूट होताना कर्नल निवडणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये 'ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड' करा, 'अपडेट-ग्रब' चालवा आणि 'ग्रब-सेट-डिफॉल्ट'ने ६.१ कायमचं ठरवा. चाचणीपुरतं 'ग्रब-रीबूट' देऊन ६.१२ची नोंद सांगा. ती निवड एकाच बूटपुरती असते. सोबत कर्नलच्या ओळीत 'पॅनिक=१०' घाला, म्हणजे कर्नल कोसळलं तर दहा सेकंदांनी मशीन आपसूक रीबूट होऊन ६.१ वर येतं. पडदा नुसता काळा राहिला तर पॉवरचं बटण दाबून धरा, पुढच्या वेळी ६.१च उघडेल. आईला मेनूत काही निवडावं लागत नाही.

जर्नल (सिस्टीमच्या नोंदींचा लॉग) डिस्कवर साठवलं जातंय ना, तेही बघून घ्या. मग फसलेल्या बूटचा लॉग 'जर्नलसीटीएल -के -बी -१' ने मिळतो.

काळ्या पडद्यासाठी झाकण उघडझाप करत बसू नका. 'आरटीसीवेक -एम मेम -एस ३०' दिलं की मशीन झोपतं आणि तीस सेकंदांनी स्वतःच उठतं. हे लूपमध्ये लावून दोन्ही कर्नलांवर सारख्याच वेळा चालवा. अधूनमधून येणारा दोष एकदा दिसला नाही म्हणजे गेला असं समजू नका. आणि यातलं काहीही करण्याआधी रात्रभर मेमटेस्ट (रॅमची तपासणी) चालवा, 'स्मार्टसीटीएल'ने डिस्क तपासा. जुन्या मशीनमध्ये रॅमची एक खराब पट्टी कर्नलच्या दोषाची हुबेहूब नक्कल करते.

जुनंतेसोनं

बी४३वर वायफाय आलं, ६.१ आणि ६.१२ दोन्हीवर. मेमटेस्ट स्वच्छ. आरटीसीवेकच्या लूपमध्ये ६.१ एकदाही अडखळलं नाही, ६.१२ मात्र थोड्याच फेऱ्यांत काळं पडलं. डब्ल्यूएल काढल्यानंतरही. म्हणजे ६.१ वर राहायचं आणि विषय सोडायचा का?

बूटपाळ

आईसाठी ६.१च ठेवा, त्याला अजून सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. ४.१९सारख्या शाखेवर कोणी मागे जायला सांगितलं तर ऐकू नका, तिचा पाठिंबा डिसेंबर २०२४ मध्येच संपला.

पण विषय सोडू नका. आधी चालणारं आणि आता न चालणारं म्हणजे रिग्रेशन, आणि कर्नलवाले रिग्रेशन गांभीर्याने घेतात. अट एवढीच की कोणीतरी ते कळवायला हवं. कोअर टू वर झोप-जाग तपासणारे आता फार थोडे उरलेत.

लगेच बायसेक्टला (दोष आणणारा बदल निम्म्या-निम्म्याने शोधायला) बसायची गरज नाही. डेबियनच्या स्नॅपशॉट संग्रहात मधल्या आवृत्त्यांची तयार पॅकेजं आहेत. आधी ६.६ लावा. ते चाललं तर ६.९, नाही तर ६.४. असं लागोपाठच्या दोन आवृत्त्यांपर्यंत या. दोन आवृत्त्यांमध्ये साधारण चौदा हजार कमिट (कोडमधले बदल) असतात, म्हणजे गिट बायसेक्टला चौदाएक बांधण्या लागतील. त्या लॅपटॉपवर करू नका. त्याच्या 'एलएसमॉड'चं आउटपुट (चालू मॉड्यूलांची यादी) वेगवान मशीनवर न्या आणि 'लोकलमॉडकॉन्फिग' वापरा, म्हणजे लागतील तेवढीच मॉड्यूल बांधली जातील.

तेवढा वेळ नसेल तरी 'अमुक आवृत्तीत चालतं, तमुकमध्ये नाही' एवढं, दोन्ही लॉग आणि आरटीसीवेकची कृती जोडून कळवा. ग्राफिक्सचा संशय आहे, तेव्हा इंटेल ग्राफिक्सच्या आय९१५ ड्रायव्हरच्या बग ट्रॅकरवर. मात्र त्याआधी सध्याच्या मेनलाइनवर (मूळ लिनक्स कर्नलच्या ताज्या आवृत्तीवर) एकदा तपासा, पहिला प्रश्न तोच येतो.