लेंग्लेन पैशाला भुलली?

फ्रेंच टेनिसपटू सुझान लेंग्लेन १९२६ साली पैशाला भुलून व्यावसायिक झाली, म्हणजे पैसे घेऊन खेळू लागली, असं म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. पैसा होताच, पाइल नावाच्या, खेळांचे दौरे भरवणाऱ्या अमेरिकन ठेकेदाराने तिला ५० हजार डॉलर देऊ केले होते. पण तोवर तिच्या जिवावर कोण कमावत होतं तेही बघा की. १९१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात तिने दोन मॅच पॉइंट वाचवून लॅम्बर्ट चेंबर्सला १०-८, ४-६, ९-७ असं हरवलं आणि तेव्हापासून तिला बघायला लोटणारी गर्दी जुन्या वर्पल रोडच्या मैदानात मावेना. १९२२ मध्ये स्पर्धा चर्च रोडच्या मोठ्या जागेत गेली, त्यामागे हेही एक कारण होतं. तिकिटांचा गल्ला क्लबांचा, आणि खेळाडूने मात्र 'हौशी' राहायचं, म्हणजे खेळण्याचे पैसे घ्यायचे नाहीत! व्यावसायिक झालेल्यांना विम्बल्डनचं दार उघडलं ते थेट १९६८ ला. ती तर १९३८ मध्येच गेली, अवघ्या ३९ व्या वर्षी.

आणि 'ती कधी हरलीच नाही' असं कुणीतरी लिहिलंय, त्यात एक दुरुस्ती. १९२१ मध्ये अमेरिकेत मोला मॅलरीविरुद्ध पहिला सेट २-६ गमावल्यावर दुसऱ्या सेटच्या सुरुवातीलाच तिने खोकत, रडत सामना सोडला होता. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पुढच्याच वर्षी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात तिने त्याच मॅलरीला ६-२, ६-० असं अर्ध्या तासाच्या आत गुंडाळलं.