रस्त्याकडेची करवंदे, जांभळे खावीत का? सल्ला हवा आहे

टिळकवाडीकर:
नमस्कार. गेल्या रविवारी बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीला जाताना मुलांनी वाटेतल्या जाळीतून करवंदे तोडली. घरी आल्यावर ती पांढऱ्या फडक्याने पुसली, तेव्हा फडक्यावर काजळीसारखा पट्टा उमटला. चोर्ला घाटाकडच्या गाड्यांची वर्दळ पाहता अशी फळे खावीत का, आणि धुतल्याने भागते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खानापूरकर:
तो पट्टा धुराची काजळी, टायरची झीज आणि धूळ यांचा असतो व बहुतांशी सालीवरच राहतो, त्यामुळे धुण्याने बराच निघतो. मात्र करवंद तोडले की देठाशी चीक सुटतो आणि त्यावर धूळ घट्ट बसते, म्हणून फळे नुसती पाण्यातून न काढता थोडा वेळ भिजवावीत, देठाची बाजू अंगठ्याने चोळावी आणि दोनदा पाणी बदलावे. जांभळाची साल गुळगुळीत, ते काम सोपे आहे. परंतु डांबरावर पडून फुटलेली जांभळे उचलूच नयेत, कारण त्यांच्या गरालाच तेल व माती लागलेली असते.

शिसेयुक्त पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झाले, तरी शिसे मातीतून सहजासहजी जात नाही. मुळांवाटे ते फळात फारसे चढत नाही. पालेभाजीवर मात्र माती आणि धूळ दोन्ही अधिक बसतात, म्हणून रस्त्याकडेचा टाकळा खुडणाऱ्यांना मी जास्त अडवतो. शक्य असेल तर पायवाटेने आत जाऊनच फळे तोडावीत. जाळीखालचे गवत पावसाळ्याआधीच एका पट्ट्यात पिवळे पडून वाकलेले दिसले, तर तणनाशक मारले असण्याची शंका घ्यावी; उसाच्या बांधावर आणि रुळांच्या कडेला हे विशेष पाहावे. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर काहीच तोडू नये, तिथे कायद्याचीच आडकाठी आहे.

एक शिक्षिका:
माझ्या मते धुळीपेक्षा ओळख चुकणे अधिक घातक आहे. पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची, हिरवी कोनदार फळे मुले खेळायला घेतात, आणि तिचे विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते. तिला काटे नसतात. करवंदाच्या जाळीला असतात, तेही बहुधा टोकाशी दुभंगलेले. चीक दोन्हींना असतो, त्यामुळे चिकावरून ओळखू जाऊ नये. कुंपणाच्या मोगली एरंडाच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, पण खाल्ल्यावर उलट्या-जुलाब होतात. मुलाने यांपैकी काही खाल्ले असल्यास घरी मिठाचे पाणी पाजत बसू नये. उरलेले फळ सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा.

टिळकवाडीकर:
आभारी आहे. उरलेल्या करवंदांचे लोणचे घातले तर चालेल का?

खानापूरकर:
वरीलप्रमाणे धुतलेली करवंदे एरवी चालतात, पण मीठ-मसाल्याने किंवा उकळण्याने शिसे वा तणनाशक जात नाही. जिथली करवंदे पुसल्यावर फडके काळे झाले, तिथली, म्हणजे तुमचीही, लोणच्याला घेऊ नयेत.