शिलिंग आणि रुपया: दीडाचा दर

१९६६च्या आधी एका रुपयाला दीड शिलिंग हा पूर्व आफ्रिकेतला दर इतकी वर्षं हलला कसा नाही, असा प्रश्न पडतो. कारण तो दर बाजाराचा नव्हताच. तिथला शिलिंग ब्रिटिश पौंडाला बांधलेला, एका पौंडाला २०, म्हणजे ब्रिटिश शिलिंगाइतकाच. रुपयाही १९२७पासून १ शिलिंग ६ पेन्सला, म्हणजे दीड ब्रिटिश शिलिंगाला बांधलेला (१२ पेन्सचा एक शिलिंग). १९४९ साली पौंडाचं अवमूल्यन झालं, तेव्हा दोघंही सोबतच घसरले.

खरी गंमत त्याआधीची. केनियात चलन म्हणून आपला रुपयाच चालायचा, दर १ शिलिंग ४ पेन्स. पहिल्या महायुद्धानंतर चांदी कडाडली, रुपया वर गेला आणि १९२०मध्ये ब्रिटिश सरकारने तिथे तो थेट २ शिलिंगांवर पक्का केला. रुपयांत कर्ज काढलेल्या गोऱ्या मळेवाल्यांचं देणं पौंडात दीडपट झालं! मग रुपयाच्या जागी फ्लोरिन हे नवं चलन आलं, पण टिकलं नाही, पाठोपाठ शिलिंग.

६ जून १९६६ला रुपया डॉलरला ४.७६वरून ७.५० झाला. शिलिंग ७.१४वरच. दीड शिलिंगांचा रुपया एका रात्रीत ९५ सेंटांवर आला (तिथल्या शिलिंगाचे १०० सेंट).