5 एमएलडी निःक्षारीकरण प्रकल्प: परवानगी कुणाची, पैसा कुणाचा?

डीपीआर_कर्वेनगर
कोकणातल्या एका छोट्या नगरपरिषदेसाठी पुण्यातून डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) चालू आहे. समुद्राचं पाणी गोडं करणारा आरओ प्लांट, 5 एमएलडी (रोज 50 लाख लिटर), वस्ती लाखाच्या आत. सीआरझेडची (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या परवानगीची) फाइल मुंबईत निकाली निघते की दिल्लीला जाते? आणि अमृत 2.0 (केंद्राची शहरी पाणीपुरवठ्याची योजना) धरावं की व्हीजीएफ (खासगी भागीदारीतल्या प्रकल्पाची तूट भरणारं सरकारी अनुदान)?

भरतीरेषा
ते प्लॉटवर नाही, पाइपवर ठरतं. प्लांट जमिनीवरच्या सीआरझेड-3 मध्ये बसवलात तरी पाणी ओढणारी आणि ब्राइन (उरलेलं जास्त खारं पाणी) सोडणारी पाइपलाइन ओहोटीरेषेपलीकडे, म्हणजे सीआरझेड-4 मध्ये जाणारच. म्हणून 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे शिफारस राज्याच्या किनारा प्राधिकरणाची, मंजुरी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची. 1:4000 चा सीआरझेड नकाशा अधिकृत संस्थेकडूनच लागतो, तो आधी मागवा. शिवाय 1974 च्या जल कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती दोनदा: उभारायला आणि चालवायला. वाटेत कांदळवन आलं तर सरळ आलाइनमेंट बदला. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर सार्वजनिक कामालाही त्यातून सहज सुटका नाही.

युनिटमागे_किती
पैशाआधी गणित मांडा. रिकव्हरी (ओढलेल्या पाण्यातला गोडं होणारा वाटा) 40 टक्के धरली तर 12.5 एमएलडी ओढायचं आणि 7.5 परत सोडायचं. 35,000 टीडीएसचं (लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम विरघळलेले क्षार असलेलं) पाणी परत जाताना 58,000 च्या पुढे असतं. हजार लिटरमागे साडेतीन युनिट म्हणजे रोज 17,500 युनिट. 8 रुपये दर धरला तर नुसत्या विजेचे हजार लिटरला 28 रुपये. मेंब्रेन (आरओचे गाळणारे पडदे), रसायनं, पगार वेगळे.

आता योजना. अमृत 2.0 मध्ये लाखाखालच्या शहराला केंद्राचा वाटा 50 टक्के, पण तो भांडवली कामाला. वीजबिल नगरपरिषदेच्याच माथी. मिशनची मूळ मुदत 2025-26 पर्यंतची, तेव्हा ताजा आदेश बघूनच आकडा टाका. व्हीजीएफमध्ये 2020 पासून पाणीपुरवठ्याला केंद्र 30 आणि राज्य 30 टक्क्यांपर्यंत देऊ शकतं, मात्र चालवण्याचा खर्च 100 टक्के वसूल व्हायला हवा. 80 टक्क्यांचा जो आकडा फिरतो तो आरोग्य-शिक्षणाच्या पथदर्शी प्रकल्पांचा, पाण्याचा नाही. शिवाय खासगी कंपनीने आपलं भागभांडवल आधी खर्चल्यावरच हप्ता सुटतो. एवढी वसुली होईल अशी पाणीपट्टी सभागृह मंजूर करणार असेल, तरच व्हीजीएफचं नाव काढा.

डीपीआर_कर्वेनगर
चेन्नईचं मॉडेल उचलता येईल का? किंवा पुण्यासारखे रोखे?

युनिटमागे_किती
चेन्नईचं एक मॉडेल नाहीच. मिंजूर (100 एमएलडी, 2010) कंपनीने बांधून चालवायचं आणि शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने पाणी विकत घ्यायचं. नेम्मेलीचा पहिला 100 चा प्लांट केंद्राच्या पैशातून, 150 चा दुसरा जर्मन सरकारी बँक केएफडब्ल्यूच्या कर्जातून, पेरूरचा 400 चा जपानच्या जायका या सरकारी संस्थेच्या कर्जातून. परदेशी कर्ज तुमच्या आकाराच्या कामाला झेपणारं नाही. आणि रोखे? पुणे मनपाने 2017 साली 200 कोटी उभे केले ते मिळकतकराच्या जोरावर. तुमच्या नगरपरिषदेचा अख्खा अर्थसंकल्प त्यापुढे केवढा, तो आधी बघा.

भरतीरेषा
एक राहिलं. पाण्याचे नमुने फक्त मे महिन्यातले जोडू नका. पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी गाळ येतो, एसडीआय (पाणी मेंब्रेन किती चोंदवेल याचा निर्देशांक) 5 च्या वर गेला की मेंब्रेन चोंदतं. डीएएफ (हवेच्या बुडबुड्यांनी गाळ वर काढणारी टाकी) आणि यूएफ (आरओआधीची बारीक गाळणी) मग नंतर घालावे लागतात, आणि तो वाढीव खर्च मंजूर अंदाजपत्रकात कुठंच नसतो. जुलै-ऑगस्टचे नमुने हातात येईपर्यंत प्रीट्रीटमेंटची (आरओआधीच्या या शुद्धीकरणाची) रक्कम कोरी ठेवा.