फाजला दाद न देणारे जिवाणू: आधीपासूनचे की नंतर बदललेले?

काजवा:
ई. कोलाय जिवाणूच्या गढूळ कल्चरमध्ये (द्रवात वाढवलेल्या जिवाणूंत) टी१ फाज, म्हणजे जिवाणूंना मारणारा विषाणू, सोडला. काही तासांत नळी नितळ झाली, म्हटलं संपलं सगळं. दुसऱ्या दिवशी बघते तर परत गढूळ! त्यातले जिवाणू वाढवून त्यांच्यावर पुन्हा तोच फाज टाकला, तर ढिम्म फरक नाही. म्हणजे फाजशी गाठ पडल्यावर काही पेशींनी स्वतःत बदल करून घेतला, असंच ना? 'जंतूंना औषधाची सवय होते' म्हणतात, तसं?

निरभ्र:
नाही. ते 'सवय' प्रकरण आधी डोक्यातून काढा, त्यानं विषयाचा पार विचका होतो. फाज पडायच्या आधीपासून ते जिवाणू तुमच्या नळीत होते.

हे दाखवलं लुरिया आणि डेलब्रुक या संशोधकांनी, १९४३ मध्ये. शिकवताना मी या प्रयोगावर हमखास रेंगाळते, कारण त्यांनी सरासरीपेक्षा आकड्यांच्या विखुरण्याकडे बघितलं. मोजक्या पेशींपासून सुरू केलेली वेगवेगळी कल्चर फाजविना वाढवायची, मग प्रत्येकातला सारखाच भाग फाज माखलेल्या प्लेटवर पसरायचा. फाजमुळे बदल होत असेल तर सगळ्या प्लेटवर साधारण सारख्याच कॉलनी (एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके) यायला हव्यात. त्यांच्या एका मालिकेत २० कल्चरपैकी ११ मध्ये शून्य, काहींत एक ते सहा, आणि तिघांत ३५, ६४ आणि १०७! एकाच कल्चरमधून १० नमुने घेतले तेव्हा मात्र आकडे १३ ते २६ च्या आतच राहिले. म्हणजे चूक मोजणीतली नव्हती. १०७ वाल्या कल्चरमध्ये उत्परिवर्तन (जीनमधला आपोआप झालेला बदल) वाढीच्या सुरुवातीलाच झालं आणि त्या एका पेशीचा वंश विस्तारला. शून्यवाल्यांत ते झालंच नाही.

रानजाई:
नेमकं बदलतं काय, तेही सांगते. टी१ ला चिकटायला पेशीच्या बाहेरच्या आवरणातलं एफएचयूए हे प्रथिन लागतं. जिवाणू ते फेरिक्रोम या लोह धरून ठेवणाऱ्या रेणूतलं लोह आत घ्यायला वापरतो. त्याचा जीन बिघडला की फाजला धरायला जागा उरत नाही, पण लोह मिळवायची ती वाटही बंद होते. टी५ फाजही त्याच प्रथिनावर बसतो, त्यामुळे हे जिवाणू टी५ लाही दाद देत नाहीत. टॉनबी नावाचा दुसरा जीन बिघडला तरी टी१ अडतो, टी५ मात्र बिनदिक्कत आत शिरतो. काजवा, तुमच्या कॉलनींवर टी५ टाकून बघा, काय बिघडलंय ते बरंचसं कळेल.

काजवा:
टी५ मागवते. पण मग क्रिस्परचं, म्हणजे जिवाणूंच्या फाजविरुद्धच्या संरक्षण यंत्रणेचं, काय? तिथे तर फाज आल्यावरच बदल होतो ना?

निरभ्र:
होतो, आणि तुमची शंका अगदी रास्त आहे. स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसमध्ये २००७ साली ते दाखवलं गेलं: फाजच्या डीएनएचा तुकडा जिवाणू स्वतःच्या जीनोममध्ये बसवतो आणि तो पुढच्या पिढ्यांना मिळतो. पण ती वेगळी यंत्रणा. टी१ ला दाद न देणाऱ्या कॉलनींमागे साधं, आंधळं उत्परिवर्तन आहे. ते १० कोटी पेशी-विभाजनांत एखाद-दुसऱ्या वेळी होतं. तुमच्या गढूळ नळीत कोट्यवधी पेशी असतात, तेव्हा अशा काही निघणारच.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा. न्यूकॉम्बनं १९४९ मध्ये केलेला प्रयोग कुठल्याही साध्या लॅबमध्ये जमतो. जिवाणू फाज नसलेल्या प्लेटांवर पसरा, काही तास वाढू द्या. मग निम्म्या प्लेटांवर निर्जंतुक काचकांडी फिरवून पेशी इकडेतिकडे पांगवा, बाकीच्यांना हात लावू नका. त्यानंतर सगळ्यांवर फाज फवारा. आधीच बदललेल्या पेशीची वस्ती न हलवलेल्या प्लेटवर एकच कॉलनी दिसते. पांगवलेल्या प्लेटवर तिच्यातली प्रत्येक पेशी वेगळी उगवते. फाजनंच बदल घडवला असता तर दोन्हीकडचे आकडे जवळपास सारखे आले असते. फवारणी एकसारखी होऊ द्या, नाहीतर न भिजलेल्या कोपऱ्यातल्या कॉलनी उगाच मोजल्या जातील.